फाटकाजवळची सोनेरी मोरपंखी

मित्रांनो, मी एक म्हातारी मोरपंखी आहे, आणि तीही सोनेरी जातीची.

रोपवाटिकेतल्या माळीणबाईंनी माझ्या आईची कोवळी फांदी वाळूत खोचली. तिला मुळं फुटली, ती मी. माझी पानं चपटी, पंख्यासारखी पसरलेली, आणि त्यांच्या टोकांना हळदीसारखा रंग. एके दिवशी एक शिंपीकाका मला न्यायला आले. माळीणबाई त्यांना म्हणाल्या, "हिला ऊन भरपूर द्या. सावलीत ठेवलीत तर हिचं सोनं उतरेल."

काकांनी मला फाटकाजवळ लावलं, ते काकूंसाठी. काकूंची नजर अधू होत चालली होती. गल्लीतली सगळी घरं एकसारखी, फाटकंही एकसारखी; पण पिवळंधमक काही असलं की काकूंना ते दिसायचं. बाजारातून येताना त्या मला दुरून पाहत आणि बरोबर आत वळत. माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "आले गं बाई." काका कापड बेतावं तशी जपून माझी टोकं छाटत. जाणारे-येणारे थांबून बघत आणि मी फुगून जाई.

मग समोरच्या घरावर मजला चढला आणि माझं ऊन गेलं. मी हळूहळू हिरवी पडू लागले. मला ते कळत होतं, पण सांगणार कोणाला? एका संध्याकाळी काकू माझ्यासमोरून सरळ पुढे निघून गेल्या. पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. शेजारणीने त्यांना हात धरून आणलं, तेव्हा त्या कसंनुसं हसल्या. म्हणाल्या, "घर गेलं कुठे, तेच कळेना."

 दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुदळ घेऊन आले.

"एवढं वाढलेलं झाड हलवताय?" शेजारीण म्हणाली. "जगायचं नाही हो."

"बघू. इथे राहून तरी तिच्या काय कामाचं?"

काकांनी मुळांभोवतीची माती गोणपाटात घेतली आणि ते दाभणाने टाके घालून शिवलं. मग शेजाऱ्यांच्या मदतीने मला फाटकाच्या पलीकडच्या अंगाला, उन्हात नेलं. मुळं तुटली होती. माझी एक बाजू वाळून तपकिरी झाली, पण उरलेली पुन्हा सोन्यासारखी पिवळी झाली. काकूंना घर सापडू लागलं. वाळक्या फांद्यांना हात लागला की त्या थबकत. "माझ्यापायी झालं हे," असं पुटपुटत.

पुढे काकू गेल्या. काकांना त्यांची लेक घेऊन गेली. निघताना त्यांनी मला बादलीभर पाणी घातलं, आणि मग मागे वळून पाहिलं नाही. आता घरात नवे भाडेकरू आहेत. माणसं वाईट नाहीत, पण ती माझ्यावर ओली पायपुसणी वाळत टाकतात. ऊन आहे, रंगही आहे; तो पाहून घरी वळणारं मात्र कोणी नाही. संध्याकाळी गल्लीत सावकाश चालणारी पावलं वाजली की मी उगाच कान देते. पावलं पुढे निघून जातात.

मित्रांनो, गुलाब कापला तरी पुन्हा फुटतो. मोरपंखीची फांदी एकदा वाळली की तिथे पालवी येत नाही. आमच्यात तशी सोयच नाही. म्हणून तुमच्या दारातल्या झाडाची माती कोरडी दिसली, तर उद्यावर टाकू नका. मगभर पाणी आजच घाला.