वरची जाळी

सकाळी सव्वापाच वाजता हणमंतराव जगदाळे अंगणात आले, तेव्हा ट्रेलरच्या दाराशी टांगलेला तापमापक एकतीस अंश दाखवत होता. तो आकडा त्यांनी कागदावर लिहिला. मग बादलीभर पाणी घेऊन एसीचा फिल्टर धुतला, झटकला आणि कडुनिंबाच्या सावलीत काठीला टेकवून ठेवला. एसीच्या मागच्या बाजूच्या बारीक पात्यांमध्ये रात्रीत बसलेली धूळ जुन्या टूथब्रशने वरून खाली, एकाच दिशेने, झाडून काढली. छपरावरचे पांढरे ताडपत्रीचे आवरण चारही दोऱ्यांनी घट्ट केले. तोवर पंधरा मिनिटे गेली होती आणि झाशीचे आकाश पिवळट होऊ लागले होते.

यानंतर ते ट्रेलरच्या दारामागे चिकटवलेल्या कागदासमोर उभे राहिले. एसी बसवणाऱ्या हर्षितने फोनवर हिंदीत सांगितलेल्या सूचना त्यांच्या पत्नी माधवीबाईंनी त्या कागदावर मराठीत उतरवून घेतल्या होत्या. अक्षर चित्रकलेच्या शिक्षिकेला शोभेल असे होते. हणमंतराव रोज त्या सूचना हळू आवाजात वाचत आणि एकेक पुरी करीत. बबीन्याच्या छावणीत ते शेवटची अकरा वर्षे भांडाराचे सुभेदार होते, आणि लिहिलेल्या सूचनेत स्वतःची अक्कल मिसळायची नाही, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. चौथी सूचना होती, ‘वरची जाळी नेहमी खाली ठेवणे.’ त्यांनी ट्रेलरच्या मागे जाऊन वरच्या जाळीची पत्र्याची झडप खाली पाडली आणि कडी लावली. मग दोघांनी ओट्यावर बसून चहा घेतला.

ट्रेलर लहानच होता. दोन माणसांची झोपायची सोय, एक घडीचे टेबल, पाण्याची टाकी. बबीन्याहून बदली होऊन जाणाऱ्या एका मेजरांकडून तो दोन वर्षांपूर्वी घेतला होता. त्यात एसी नव्हता. हर्षितने मागच्या भिंतीला पत्र्याची पेटी जोडून तिच्यात एक टनाचा विंडो एसी बसवला. पेटीला दोन जाळ्या होत्या, खालची आणि वरची.

या उन्हाळ्यात एसी चालणे हा केवळ सुखाचा प्रश्न नव्हता. समथरच्या वाटेवर एका खेड्यात एक छोटे देऊळ होते आणि त्याच्या गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर काजळीखाली जुनी चित्रे होती. घोडेस्वार, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, एक मोर. माधवीबाईंनी त्यांचे फोटो काढले होते. पण फोटोत काजळी आणि रेषा सारख्याच काळ्या दिसत. पातळ कागद भिंतीला लावून, बोटाने रेषा चाचपत उतरवून घेतली तरच चित्र हाती लागणार होते. गावकऱ्यांनी एक जूनला देवळाला चुना द्यायचे ठरवले होते. त्यांचेही चुकत नव्हते. देऊळ त्यांचे होते आणि भिंतींना ओल आली होती. माधवीबाईंनी मागितलेला मे महिना त्यांनी आनंदाने दिला होता, आणि शेजारच्या बोअरवेलच्या मीटरवरून वीजही.

अडचण एवढीच की मागच्या वर्षी माधवीबाईंना उष्माघात झाला होता. दुपारी अकरा ते पाच थंड खोलीत राहणार असाल तर जा, नाहीतर नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्या खेड्यात थंड खोली म्हणजे हा ट्रेलरच. म्हणून हणमंतरावांनी नियम केला होता की घरच्या अंगणात एसी सलग पाच दिवस दुपारभर चालला पाहिजे, मगच निघायचे.

आज बावीस तारीख होती. गेले तीन दिवस एसी सकाळी उत्तम चाले, आणि दीडच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद पडे. पंखा फिरत राही, पण हवा गरम येई. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होई, पुन्हा बंद पडे. हणमंतरावांनी स्टॅबिलायझर बदलून पाहिला, वायर जाड घातली, ट्रेलर सरकवून पूर्ण सावलीत आणला. आज चौथा दिवस होता आणि एक वाजून चाळीस मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद पडला.

हणमंतराव घरात आले, तोंडावर पाणी मारले आणि जेवायला बसले. निम्मी भाकरी झाल्यावर त्यांनी सांगितले की यंदा जाणे काही जमत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश आहेत; तिथे दुपारी एसी बंद पडला तर जवळचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे. माधवीबाईंनी वाद घातला नाही. फक्त ताटाकडे पाहत म्हणाल्या की मोर तरी निघाला असता.

थोड्या वेळाने त्या उठल्या. “मग ट्रेलर खाली करून टाकते,” त्या म्हणाल्या. “माझ्या रंगांच्या नळ्या उन्हाने फुटतील उगाच.”

“कर,” हणमंतराव म्हणाले.

माधवीबाईंचे घराणे सात पिढ्या झाशीत राहिलेले. त्यांच्या माहेरी डबा खाली होई, रस्ता खाली मिळे, आणि कुणी रिकामा बसला तर तोही खाली बसे. लग्न होऊन साताऱ्याकडच्या माणसाच्या घरात आल्यावर या मराठीची पुष्कळ थट्टा झाली होती. हणमंतराव त्यांना कधीकधी ‘बुंदेलखंडी बाजीराव’ म्हणत. पण बोलताना बायकोचा ‘खाली’ कोणता आणि आपला कोणता, हे त्यांना चौतीस वर्षांत कधी अडले नव्हते.

घास हातात तसाच ठेवून ते दाराशी गेले. माधवीबाई पायऱ्या उतरत होत्या.

“माधवी, ती चौथी सूचना. वरची जाळी खाली ठेवणे. हर्षित काय म्हणाला होता नेमकं?”

“हेच. ऊपरवाली जाली हमेशा खाली रखना, आंटीजी.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे खाली. मोकळी. गरम हवा तिथूनच बाहेर पडते ना.” त्या थांबल्या. “तुम्ही काय करता तिचं?”

“खाली पाडतो. रोज. कडीसकट.”

माधवीबाई ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून हसू लागल्या. बराच वेळ हसल्या. “आमच्या मराठीला जन्मभर हसलात,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या शुद्ध मराठीने एसीचा गळा दाबला की हो.”

“बोलताना कधी चुकलो का? कागदावर चुकलो. कागदावर लिहिलेलं म्हणजे हुकूम.”

“झडप कशाला असते ते तरी विचारायचं.”

“हुकमाला कारण विचारत नाहीत,” हणमंतराव म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आले.

ते ट्रेलरच्या मागे गेले. कडी हाताला चटका देत होती. फडक्याने धरून त्यांनी झडप उचलली, तेव्हा पेटीतली कोंडलेली हवा भट्टीचे तोंड उघडावे तशी अंगावर आली. झडप प्रवासातल्या धुळीसाठी होती, हे आता पाहताक्षणी कळत होते. आणि हे आपल्याला चार दिवस का दिसले नाही, याचे त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. त्यांनी एसी वीस मिनिटे बंद ठेवला, मग सुरू केला आणि आत घडीच्या टेबलाशी बसून राहिले. अडीच वाजले, साडेतीन वाजले. कॉम्प्रेसरची घरघर एकसारखी चालू होती. आतला तापमापक सत्तावीसवर स्थिर होता. माधवीबाई तिथेच गादीवर पडल्या होत्या आणि त्यांना झोप लागली होती.

साडेचार वाजता हणमंतराव बाहेर आले. नियमाने पाहिले तर हा पहिला दिवस होता. अजून चार दिवस थांबायला हवे होते. म्हणजे सव्वीस तारीख. भिंतीवर आठ चित्रे होती, आणि सकाळी सहा ते दहा बसून रोज एक निघेल असा माधवीबाईंचा अंदाज होता. उद्या पहाटे निघाले तर परवापासून एकतीसपर्यंत आठही निघतील. सव्वीसला परीक्षा पुरी करून सत्ताविसाला निघाले तर फार तर चार. बाकीच्या चारांवर चुना बसेल. माधवीबाई यातले काहीच बोलल्या नव्हत्या, आणि त्या बोलणार नाहीत हेही त्यांना ठाऊक होते.

सहा वाजता ऊन उतरल्यावर त्यांनी बोलेरो फाटकाबाहेर काढली, उलटी घेतली आणि सावकाश अंगणात आणली. ट्रेलरच्या चाकांखालच्या विटा काढल्या. जोडणीचा गोळा हुकात बसला तसा एक जड आवाज झाला. त्यांनी साखळी अडकवली, दिव्यांची वायर जोडली, मागे जाऊन डावा दिवा पाहिला, उजवा पाहिला.

माधवीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी कणीक मळत होत्या. त्यांनी एकदा बाहेर पाहिले आणि परातीत वाटेच्या दशम्यांसाठी आणखी चार मुठी पीठ घेतले.