तानीच्या फोनवर देवी का दिसत नव्हती

भिवंडीजवळच्या शेलार गावापलीकडच्या पाड्यावर त्या रविवारी दुपारी मांडव गच्च भरला होता. समोर देवीची तसबीर होती, पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना आपापल्या फोनात. ज्योतिनाथ महाराजांची वेबसाइट उघडली की पुण्यवानाला देवीचा मुखवटा दिसे आणि पाप्याला नुसता कोरा पडदा, अशी ख्याती पार वज्रेश्वरीपर्यंत पोचली होती.

"घाई नको, बाळांनो. चक्र फिरतंय म्हणजे देवी वाटेवर आहे," महाराज माइकवरून सांगत होते. "वरच्या सर्व्हरवर तुमच्या सात जन्मांची नोंद आहे. तिथे वशिला चालत नाही."

चक्र फिरत होतं, कारण अख्ख्या मांडवाने एकदमच साइट उघडली होती आणि महाराजांच्या स्वस्तातल्या सर्व्हरला ती गर्दी झेपत नव्हती. माझा धंदाच हा आहे. मी निशा, भिवंडीतल्या एका लहानशा कंपनीत वेबसाइट तपासते. एका वेळी किती माणसं आली तर साइट मान टाकते आणि कुठल्या फोनवर ती धड दिसत नाही, हे बघायचं. त्यासाठी आमच्याकडे जुन्या फोनांनी भरलेलं एक कपाटच आहे.

कोरा पडदा दिसला की माणसाची शुद्धी व्हायची. फोन तांब्याच्या ताटात ठेवून दक्षिणेसकट मांडवातल्या कापडी पडद्याआड जायचा, धूप जळायचा आणि बाहेर आलेल्या फोनवर देवी प्रसन्न. तानी नावाच्या एकाच बाईची शुद्धी दर वेळी फसत होती. महिन्याभरात पाड्यातली दोन लेकरं तापाने गेली होती. लोक कारण शोधत होते, ते महाराजांनी आयतं हातात दिलं. देवी जिला तोंड दाखवत नाही ती भुताळी, चेटकीण.

मग लोकांनी तानीला मारलं. मनगट मोडलं, ते फडक्यात बांधून ती खांबाशी बसली होती. आज देवी दिसली नाही तर तिने पाडा सोडायचा, असं ठरलं होतं. तिची मुलगी ललिता आमच्या खालच्या गोदामात पॅकिंग करते. आदल्या दिवशी तिने आईचा फोन माझ्यापुढे ठेवला होता.

"ताई, माजी आय तशी न्हाय. तुमी एकदा बघा."

मी बघितलं, आणि मला राग आवरेना.

महाराजांनी तानीचं नाव पुकारलं. तिने एका हाताने साइट उघडली. पडदा कोरा. बायका मागे सरकल्या.

मी उठले. "महाराज, तोच फोन तुम्ही धरा. तुम्हाला तर देवी दिसायलाच हवी."

"माझी परीक्षा घेतेस?"

तेवढ्यात हिरामण उभा राहिला. मेलेल्यांतलं एक पोर त्याचं, आणि तानीचं मनगट मोडलं ते त्याच्याच काठीने. "धरा, महाराज. माजं पोर गेलंय. मला बघायचं हाय."

महाराजांना फोन घ्यावा लागला. पान पुन्हा उघडलं, कोरंच. मी माझा फोन तानीच्या धड हातात दिला. त्यावर देवी लख्ख दिसली.

"तानी तिच्या फोनवर करणी करते," महाराज पुटपुटले. त्यांचा आवाज आता माइकशिवायच निघत होता.

"करणी कसली? साइट उघडणाऱ्या अॅपला ब्राउझर म्हणतात," मी लोकांना सांगितलं. "देवीचं चित्र नव्या पद्धतीने साठवलंय. जुन्या ब्राउझरला ते वाचता येत नाही, म्हणून कोरं दिसतं. शुद्धी म्हणजे ब्राउझर नवा करणं. तानीबाईंचा फोन इतका जुना आहे की तो नवा ब्राउझर घेतच नाही. तेच चित्र मी जुन्या पद्धतीने साठवून आणलंय." मी ते तानीच्याच फोनवर उघडलं. देवी तिथेही दिसली.

हिरामणने तो कापडी पडदा ओढला. आत धुपाटणं होतं, महाराजांचा एक माणूस होता, आणि पाटावर मांडलेल्या फोनांवर ब्राउझरचं अपडेट चालू होतं.

काठ्या आता महाराजांकडे वळल्या. मी आडवी झाले. त्या महाराजाची मला कीव नव्हती, पण काठी पुन्हा कुणावर उठलेली बघवत नव्हती. मी येतानाच कळवलेले पोलीस आले आणि महाराजाला घेऊन गेले.

हिरामण तानीसमोर बसला. "काकी, चुकलो."

तानीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "फोनचं कळलं सगळ्यांना. पोरं कशानं मेली ते कोनी बघितलं काय?"

मग हिरामण हळूच म्हणाला, "धाकटी तापलीय. कालपासून. गंडा बांधलाय."

"मंग हितं काय बसलास? दवाखान्यात ने तिला."

रिक्षात मनगट दाखवायला निघालेली तानी आणि हिरामणची पोरगी शेजारी शेजारी होत्या. डॉक्टरांनी पोरीचं रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पोरगी वाचली. मांडवामागच्या उघड्या पिंपांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि त्या पिंपांजवळून सगळा पाडा रोज ये-जा करत होता. आधीच्या दोन पोरांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. तानीचं मनगट वाकडंच जुळलं.

वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पान कोरं दिसलं की मी फोन बदलून बघते, ब्राउझर बदलून बघते, चूक सापडेपर्यंत सोडत नाही. पापी कोण हे मी विचारत नाही. घरात ताप आला तर तुम्हीही विचारू नका. रक्त तपासा, पिंपं झाका. बाईला मारून कुणाचाही ताप उतरलेला नाही.