चिमूट

त्यानं दोन्ही हातांनी खडक माशांच्या टाकीतून उपसला, तसाच निथळत स्वयंपाकघरात आणला आणि सिंकमध्ये आपटला. सिंकमधला कप फुटला. तिकडे न बघता त्यानं तारेचा ब्रश घेतला आणि खडकावरचं हिरवं, केसांसारखं शेवाळ खरवडायला लागला. खरवडणं कसलं, सोलणंच ते. शेवाळाबरोबर खडकाला धरून बसलेलं जांभळं पोवळंही निघून येत होतं. कुठल्याशा भोकातून एक इवलासा खेकडा बाहेर पडला आणि सिंकच्या कडेनं वाट शोधू लागला. ब्रश त्याच्यावरूनही फिरला.

"परवाच घासला होता हा. परवाच! आणि आज बघ, अंगभर लव उगवलीय."

ओट्याशी कांदा चिरणारी त्याची बायको काही बोलली नाही. अशा वेळी बोललं तरी चुकतं आणि न बोललं तरी चुकतं. न बोलण्यात निदान दम वाचतो. तिचा कांदा मात्र बारीक बारीक होत चालला.

"मी काय भिंतीशी बोलतोय?"

"ऐकतेय मी."

"ऐकू नकोस. बघ."

त्यानं ओल्या हातानं तिची मान मागून धरली आणि तिला बाहेरच्या खोलीत नेलं. भिंतभर पसरलेली ती खाऱ्या पाण्याची टाकी लग्नाच्या आधीपासूनची. घरात टाकीचा मान थोरल्या सवतीचा. त्यानं तिचं तोंड काचेवर दाबलं. गाल चपटा झाला, एक डोळा मिटला. उघड्या डोळ्यासमोर शेवाळ पंपाच्या प्रवाहात संथ डुलत होतं, जसं काही घडतच नव्हतं. नारिंगी मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटले होते. पिवळा खडकामागे गेला होता.

"शेवाळ कशावर वाढतं? खाण्यावर. मी दिवसातून एकदा घालतो, तेही मोजून. मग हे जास्तीचं खाणं येतं कुठून? वरून पडतं?"

"मी नाही घालत." तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली.

"मग आई घालते? की पोरगी घालते?"

खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली नाही. "मला त्या माशांचं तोंड बघवत नाही. सारखे डोळे वटारून असतात. घरात एक वटारणारा पुरे."

लेक दारात उभी होती. कुणी विचारायच्या आधीच तिनं नकारार्थी मान हलवली.

त्यानं बायकोची मान सोडली आणि पायाशी असलेल्या बादलीला लाथ घातली. खारं पाणी थेट सोफ्याखाली गेलं.

"औषध आणायला चाललोय. येईपर्यंत हे पुसलेलं पाहिजे. आणि कोण घालतंय ते शोधून काढणार मी. सापडलं की हातच मोडून ठेवीन."

दार असं आपटलं की टाकीतलं पाणी काठापर्यंत हिंदकळलं.

तिनं फरशी पुसली. मग काचेवर उमटलेला आपला गाल पुसला. मासे अजून बाहेर आले नव्हते. ती आत गेली, चहाच्या डब्यामागे हात घालून कागदाची एक पुडी काढली, तिच्यातून चिमूटभर घेतलं आणि टाकीपाशी आली. टाकीचं झाकण आधीच उघडं होतं. सासूबाई टाचा उंचावून उभ्या होत्या आणि त्यांच्या बोटांतून माशांचं खाणं भुरभुर पाण्यावर पडत होतं.

दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही, आई?"

"घाबरलेत गं बिचारे," सासूबाई म्हणाल्या. "पोटात चार कण गेले की जिवाला बरं वाटतं. कुणाच्याही."

"कधीपासून?"

"तो ओरडला की. एक चिमूट फक्त. तेवढ्यानं काय होतंय?"

"मीही एकच घालते."

मागून लेक आली. तिची मूठ मिटलेली होती आणि मुठीला माशांच्या खाण्याचा वास येत होता. दोघींना बघून ती थबकली, पण मूठ मागे लपवली नाही.

"मी पण," ती म्हणाली. "बाबा नुसते ओरडले तर एक. हात उचलला तर दोन."

सासूबाईंना हसू आलं. ते तोंडभर पसरायच्या आतच त्यांनी पदर ओठांवर दाबला. मासे एव्हाना वर आले होते आणि तीन घरचं जेवण असल्यासारखे खात होते.

"आता बंद करायचं," बायको म्हणाली. "कळलं तर खरंच हात मोडतील."

"करू," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं बंद केलं की."

औषधाच्या चार पिचकाऱ्या टाकीत गेल्या. शेवाळ तसंच. पुढच्या आठवड्यात जेवणाचं ताट भिंतीवर गेलं, लेकीच्या कानाखाली आवाज निघाला. झाकण तीनदा उघडलं. या खेपेला एकमेकींना जागा करून देत.

मग कंपनीनं त्याला नव्या कारखान्यावर पाठवलं. जाताना त्यानं बायकोला सोडून आईला बजावलं: दिवसातून एकदा, एवढंच. तिकडे त्याला खोली मिळाली. इकडे घरात कुणी ओरडलं नाही. मुद्दाम कुणी काही ठरवलं नव्हतं. टाकीकडे पुन्हा पुन्हा जायचं कारणच राहिलं नाही. शेवाळ आधी फिकं पडलं, मग विरळ झालं. गोगलगायींनी उरलंसुरलं चाटून नेलं. एका सकाळी काच पुसताना बायकोला खडकावर जांभळी कड दिसली. तिनं सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

त्या रविवारी तो आला. बॅग हातातच ठेवून टाकीपुढे उभा राहिला. पिवळा मासा समोर आला होता, तो झटकन वळला.

"बघा," तो म्हणाला. खुशीत होता. "औषधानं गुण दाखवलाच शेवटी. आणि मी गेल्यावर घालणाऱ्याचं धाडस झालेलं दिसत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं."

"सापडला," सासूबाई म्हणाल्या.

बायकोच्या हातातला ग्लास टेबलावर टेकता टेकता थांबला.

"कोण?" त्याचा आवाज खाली उतरला. तो खाली उतरला की काय होतं हे तिघींना माहीत होतं.

सासूबाईंनी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली. जड होती, दोन्ही हातांनी, गुडघ्यांवर आपटत त्यांनी ती दाराबाहेर नेली आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवली. परत आल्या त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, दार उघडं धरून.

"तिकडची खोली सोडली नाहीस ना अजून?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो आईकडे गेला नाही. टाकीकडे वळला. मूठ खांद्यामागे गेली.

"फोड," सासूबाई म्हणाल्या. "पुसायची सवय आहे आम्हाला. पण फोडून झालं की जा."

मूठ वर होती. टाकीखाली फरशीवर लेकीच्या वह्या पसरलेल्या होत्या. बायको पुढे आली, त्याच्या कोपराखालून वाकून तिनं त्या एकेक करून गोळा केल्या, पाणी पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवल्या, आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.