गालिच्याच्या गुंडाळीत

रॉडनी बूथरॉइडला आयुष्यात कुणी नियम मोडताना पकडलं नव्हतं, कारण पकडण्याचं काम तोच करत असे. गल्लीत कुणाच्या पुनर्वापराच्या निळ्या डब्यात पिझ्झाचं तेलकट खोकं दिसलं, की संध्याकाळी त्या घराच्या दारातून त्याची चिठ्ठी आत सरकायची. खाली सही: 'आपला स्नेही'. स्नेही असा कुणी उरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तोच रॉडनी त्या शनिवारी रिमझिम पावसात गावाबाहेरच्या कचरा केंद्रासमोर गाड्यांच्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या तळहातांना असा घाम सुटला होता की स्टिअरिंग निसटत होतं. मागे, सीट आडवी पाडून, बैठकीच्या खोलीतला जुना गालिचा गुंडाळून ठेवला होता. गालिच्याच्या पोटात गॅसचा सिलिंडर होता.

सिलिंडर सासऱ्यांचा. ते गेले, त्यांचं चाकांवरचं फिरतं घर विकलं गेलं, सिलिंडर मात्र बागेतल्या खोपटात राहिला. गॅसवाला म्हणाला, अनामतीची पावती आणा. पावती कुठे ठेवली हे सांगायला सासरे नव्हते. आणि कचरा केंद्राच्या फाटकावर लाल अक्षरांत लिहिलेलं: गॅसचे सिलिंडर घेतले जाणार नाहीत. मग करायचं काय, हे कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, फोन करून विचारता आलं असतं. पण विचारणारे वेगळे आणि सांगणारे वेगळे, आणि रॉडनी सांगणाऱ्यांतला.

"एवढा गप्प का रे?" शेजारी बसलेल्या ग्लेनिसने थर्मासचं झाकण फिरवत विचारलं. तिला गालिचा माहीत होता, त्याच्या पोटातलं माहीत नव्हतं. "चहा घेतोस?"

"नको."

"तू चहाला नको म्हणतोस? डॉक्टरकडे वळव गाडी."

फाटकावर केल्विन उभा होता. पिवळं जाकीट, कानांवर सरकवायचे मोठे कानबंद गळ्यात लटकवलेले, आणि प्रत्येकासाठी एक टोमणा तयार.

"या, साहेब, या! काय आणलंत?"

"गालिचा. आणि थोडा पुठ्ठा."

"सुका आहे ना? ओला गालिचा मढ्यासारखा जड होतो. मग लोक कंबर धरून माझ्या नावाने ओरडतात. थांबा, एक टोक मी धरतो."

रॉडनी घाईघाईने म्हणाला, "नको, नको! कर्मचाऱ्यांनी सामान उचलायचं नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे, साहेब," केल्विन हसला. "मागच्या वेळी मी एका म्हातारीची खुर्ची उचलली, तेव्हा वर तक्रार तुमचीच गेली होती."

मागच्या गाडीतून कुणीतरी हसलं. रॉडनीने आरशात पाहिलं. गल्लीतल्या मिसेस पार्जिटर. पिझ्झाच्या खोक्यावाल्या. आजच यायचं होतं यांना.

गाडी चढणीवरून वर गेली. वर उभं राहून कमरेएवढ्या भिंतीवरून खालच्या लोखंडी डब्यात कचरा टाकायचा, अशी तिथली रचना. एकेक डबा दोन बैलगाड्या मावतील एवढा. ग्लेनिसने गालिच्याचं एक टोक धरलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं आई गं! बाबांना गुंडाळलंयस की काय आत?"

"जुन्या काळचा माल आहे. उचल."

गालिचा भिंतीवर टेकला, कलंडला, खाली गेला. आतून 'ठण्ण' असा आवाज आला. रॉडनी त्यावर एवढ्या जोरात खोकला की पलीकडे फांद्या टाकणारा माणूस वळून पाहू लागला. मग काहीच झालं नाही. संपलं. त्याने श्वास सोडला, बायकोकडे पाहून हसलासुद्धा, आणि पुठ्ठा काढायला वळला.

"मागे व्हा, मंडळी!" केल्विनचा आवाज आला. "डबा भरलाय. रोलर फिरवतो."

त्याने भिंतीच्या कडेला साखळी लावली. खाली, डब्याशेजारी, ते यंत्र उभं होतं: एका लांब लोखंडी हाताच्या टोकाला दातेरी रूळ. कचऱ्यावरून फिरायचा आणि कपाट असो की पलंग, सगळं चेचून तळाला न्यायचा. चालवणाऱ्याची काचेची खोली त्या हाताच्या बुंध्याशी, डब्याला अगदी खेटून. रॉडनीने हे यंत्र अनेकदा मजेने पाहिलं होतं. आज ते दात पाहून तो साखळीकडे धावला.

"केल्विन! थांब, थांब जरा! माझी... अंगठी. लग्नाची अंगठी गेली गालिच्याबरोबर."

केल्विनने मान हलवली. "वाईट झालं, साहेब. पण भिंतीपलीकडे गेलं ते कौन्सिलचं. डब्यात कुणी उतरायचं नाही, परत काढायचं नाही. तुम्हाला मी काय नियम सांगू?" आणि तो जिन्याने खाली निघाला.

"अंगठी तुझ्या बोटात आहे," ग्लेनिस म्हणाली.

त्याने हात खिशात घातला.

"रॉडनी. अंगठी बोटात आहे. काय आहे त्या गालिच्यात?"

मिसेस पार्जिटर पुठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांच्या मागे आणखी दोघे. खाली केल्विन काचेच्या खोलीत चढला. त्याने कानबंद कानांवर सरकवले. इंजिन धडधडू लागलं.

सांगायचं, हे रॉडनीला कळत होतं. तोंडही उघडलं होतं. पण एवढ्या माणसांसमोर ते तोंड काही बोलेना. मनात भलतेच हिशेब चालले होते: रिकामाच असेल. सासरे कंजूष, शेवटच्या थेंबापर्यंत वापरला असेल. रूळ त्या बाजूला जाणारच नाही कदाचित. लोखंडी हात हळूहळू वर उचलला गेला.

ग्लेनिसने त्याचा दंड धरून गदागदा हलवला. "बोल!"

"बाबांचा सिलिंडर," तो तिच्या कानाशी पुटपुटला.

तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. गुडघ्याचं दुखणं असलेली, घरातला जिना बाजूबाजूने उतरणारी ती बाई साखळीखालून वाकून पलीकडे गेली आणि कठड्याला धरत जिन्याने खाली धावत सुटली.

"ग्लेनिस! नको!"

ती यंत्रासमोर पोचली, दोन्ही हात हलवत ओरडू लागली. केल्विनचं लक्ष मागे आरशाकडे होतं. त्याला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. रूळ फिरत फिरत कचऱ्यावर टेकला. एक खुर्ची कडकड मोडली. आणि ग्लेनिस डब्याला चिकटून, लोखंडावर मुठी आपटत होती.

तेव्हा कुठे रॉडनीचा आवाज फुटला, आणि फुटला तो फाटकापर्यंत गेला. "सिलिंडर आहे! गालिच्यात गॅसचा सिलिंडर आहे! मी टाकलाय! बंद करा ते!"

फांद्यांवाल्याने हातातली फांदी खाली काचेच्या खोलीवर भिरकावली. केल्विन दचकून वळला, ग्लेनिस दिसली, आणि रूळ थांबला. त्याने घाईने किल्ली फिरवली. धडधड थांबल्यावर सगळ्यांना ते ऐकू आलं: एक बारीक, न थांबणारी सूं सूं. मागोमाग वास.

"पळा," केल्विन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने ग्लेनिसला काखेत धरलं आणि जवळजवळ उचलूनच फाटकाकडे नेलं. गाड्या तिथेच सोडून सगळे पावसात पलीकडच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. कुणी गाडी सुरू करायची नाही, कुणी सिगारेट पेटवायची नाही, एवढंच केल्विन पुनःपुन्हा सांगत होता, आणि मधूनच फोनवर आग विझवणाऱ्यांना पत्ता देत होता.

"भरलेला आहे की रिकामा?" फोन बाजूला धरून त्याने रॉडनीला विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही," केल्विनने फोनमध्ये सांगितलं.

बंबवाले आले, आत गेले. मिसेस पार्जिटर यांनी आपला रेनकोट काढून ग्लेनिसच्या खांद्यांवर टाकला होता. शेवटी एकजण बाहेर आला आणि म्हणाला, सिलिंडरच्या तोटीला रुळाचा दात लागला होता, अर्ध्याहून जास्त गॅस होता, अजून थोडं दाबलं गेलं असतं तर आम्हाला फोन करायला तुमच्यातलं कुणी उरलं नसतं. केल्विन खाली फुटपाथवर बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

रॉडनी त्याच्याजवळ गेला. "केल्विन, मला खरंच..."

"मला नका सांगू," केल्विन वर न पाहता म्हणाला. "बाईंना सांगा."

ग्लेनिस त्या दुसऱ्याच्या रेनकोटात उभी होती. मुठी सोलवटल्या होत्या.

"मी विचारलं तेव्हा तिथल्या तिथे का नाही ओरडलास?" तिने विचारलं. "यंत्र सुरू व्हायच्या आधी?"

त्याने खरं तेच सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"लोक ऐकत होते."

मग, मघाशी सगळे जसे त्या वासापासून सरकत होते, तशी ती दोन पावलं मागे सरकली.