पुस्तकात सुटलेला माणूस

"हे तुम्हीच लिहिलंत ना?" बाईंनी विचारलं आणि पिशवीतून काढलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

शिवदास वर्तकने मान वर केली. वकिलांच्या कचेरीत सकाळी पक्षकारच येतात, पुस्तक घेऊन कोणी येत नाही. मुखपृष्ठावर विहीर, तिच्यावरचा रहाट आणि लाल अक्षरांत 'थांबलेला रहाट' असं नाव होतं. खाली त्याचं नाव. ग्रंथालयाचा शिक्का बसलेला, पानं हाताळून मऊ झालेली. त्याला आधी बरंच वाटलं. अलिबागेत वीस वर्षं वकिलाचा कारकून म्हणून काढलेल्या माणसाला लेखक म्हणून शोधत कोणी यावं, हे काही रोजचं नव्हतं.

"मीच लिहिलं," तो म्हणाला. "बसा ना."

बाई बसल्या नाहीत. पंचावन्नच्या आसपास वय, कपाळ मोकळं, धुवट पातळ. त्या म्हणाल्या, "मी चौलची. गोदू माझं नाव. रामेश्वराच्या मागच्या वाडीतली. ज्या बाईला तुम्ही खुनी केलंत, ती माझी आई."

शिवदासचा हात तसाच दौतीवर राहिला.

त्याच्या कादंबऱ्या सगळ्या पन्नास वर्षांपूर्वीच्या काळात घडत. हे त्याचं पाचवं पुस्तक. बायको गेल्यावर घरी बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्याने लिहायला घेतलं होतं. जुना काळ त्याला सोपा वाटे. तेव्हाच्या तपासात यंत्रं फारशी नव्हती. माणूस बोलला तरच खरं कळे, आणि माणूस का बोलत नाही हे लिहायला त्याला आवडे. सामग्री कचेरीतच होती. आताच्या वकीलसाहेबांचे वडील बापूसाहेब फौजदारी वकील होते आणि त्यांचे जुने कागद माळ्यावर बासनांत बांधून ठेवलेले होते. त्यातलंच एक बासन सन १९१२ चं. चौलचा बागायतदार धर्माजी भल्या सकाळी रहाटाशी मरून पडला, डोक्यावर कोयत्याचा घाव. वाडीतला गडी अंबाजी याच्याशी आदल्याच दिवशी त्याचं भांडण झालं होतं. अंबाजी कोयता घेऊन पळताना आपण पाहिला, अशी धर्माजीच्या बायकोने साक्ष दिली. अंबाजीला काळं पाणी झालं. बापूसाहेबांनी त्याचा बचाव केला होता, तो टिकला नाही.

शिवदासने नावं बदलली. शेवट मात्र त्याला मिळमिळीत वाटला. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय तोच खुनी निघाला, तर वाचणारा शेवटापर्यंत कशाला वाचेल? गिरगावातले प्रकाशकही तेच म्हणाले. म्हणून त्याच्या पुस्तकात एक हुशार फौजदार येतो, रहाट थांबल्याची वेळ आणि साक्षीची वेळ जुळत नाही हे त्याच्या ध्यानात येतं, आणि शेवटच्या प्रकरणात खून बायकोनेच केला असं निघतं. गडी निर्दोष सुटतो. असं लिहिताना ती बायको कुठे जिवंत असेल, हा विचार शिवदासच्या मनाला शिवलाही नव्हता. सत्तेचाळीस वर्षं उलटून गेली होती.

गोदूबाई उभ्याउभ्याच सांगत होत्या. पुस्तक गावच्या वाचनालयात आलं आणि महिन्याभरात घरोघर फिरलं. रहाट तोच, देऊळ तेच, ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. कोर्टातल्या कागदांवरून लिहिलंय, म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालले. आई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. सोनाबाई रोज येऊन तिला आंघोळ घालायची, ती यायची बंद झाली. शेजारच्यांनी वाटी-चमचा मागणंही सोडलं.

"उद्या आई गेली तर खांद्याला चार माणसं मिळतील का, याची मला काळजी आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही पेपरात छापून द्या, हे सगळं मनानं रचलेलं आहे म्हणून. आणि रविवारी या. आईने बोलावलंय."

"त्यांना कळलंय?"

"तिनेच माझ्याकडून वाचून घेतलं. चार दिवस वाचत होते. रडेल असं वाटलं होतं. शेवटचं पान ऐकलं आणि म्हणाली, ज्याने लिहिलंय त्याला घेऊन ये."

रविवारी सकाळच्या एस.टी.ने शिवदास चौलला गेला. खिशात वर्तमानपत्रासाठी लिहिलेला मजकूर होता: सदर कादंबरी पूर्णतः काल्पनिक असून वगैरे. सुपारीच्या सावलीतून वाट घराकडे जात होती. वाडीत आता रहाट नव्हता, तेलावर चालणारा पंप धडधडत होता. त्याला वाटलं होतं, वाटेत कोणी ओळखेल, दोन शब्द सुनावेल. कोणीच काही बोललं नाही. एका ओटीवरच्या बायका मात्र तो कोणत्या घरात शिरतो ते पाहत राहिल्या.

गोदूबाईंची आई, आवडाबाई, पडवीत बाजेवर निजल्या होत्या. अंग इतकं सुकलेलं की गोधडीखाली माणूस आहे हे नीट पाहिल्याशिवाय कळू नये. डोळे मात्र स्वच्छ होते. शिवदासने वाकून नमस्कार केला आणि पाठ करून आणलेली माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात जरासा हलवून त्याला थांबवलं. गोदूला त्यांनी शहाळं काढून आणायला वाडीत पाठवलं.

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय, आजी?"

"अंबाजीने केलं नाही म्हणून."

कोणीच सांगितलं नाही, असं शिवदास म्हणाला. गोष्ट रंगावी म्हणून आपण तसं रचलं. मग आवडाबाई सांगू लागल्या, मध्येमध्ये दम घेत.

त्या सकाळी त्यांनी अंबाजीला पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते आपल्या दिराला, तात्याला. वाडीच्या वाटणीवरून भावाभावांत वर्षभर धुमसत होतं. तात्या रहाटाकडून आला, कोयता पन्हळीच्या पाण्यात धुतला आणि वर बघतो तर दारात भावजय उभी. तो काही धमकावून बोलला नाही. एवढंच म्हणाला की, तू विधवा, पदरात आठ वर्षांची पोर. मी फासावर गेलो तर तुम्हाला दोघींना कोण बघणार? अंबाजीचं कालचं भांडण सगळ्या गावाने ऐकलेलं आहे.

"मी अंगठा दिला," आवडाबाई म्हणाल्या. "अंबाजी कोर्टात माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल, बाईला खरंच तसं दिसलं. त्याची बायको जनी बाहेर बसलेली, पोटुशी."

तात्याने शब्द पाळला. आवडाबाईंना घरात मानाने ठेवलं, गोदूला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तिचं लग्न थाटाने केलं. ती विधवा होऊन परत आली तेव्हा वाडीचा तुकडा तिच्या नावे करून दिला. तो जाऊन दहा वर्षं झाली. अंबाजी अंदमानात तिसऱ्याच वर्षी तापाने गेला. जनी तान्हं मूल घेऊन खाडीकाठच्या खारेपाटात आपल्या माहेरी निघून गेली होती, पुढचं काही कळलं नाही.

"सत्तेचाळीस वर्षांत कोणी म्हणालं नाही, की अंबाजीने केलं नसेल. तुझ्या पुस्तकात पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी डोळे मिटले. "ते तसंच राहू दे. पेपरात काही छापू नको. मी केलं असं लोक म्हणतात तर म्हणू देत. तात्याचं नाव घेऊ नको, गोदूचा जीव आहे त्याच्यावर. पण जनीच्या माणसांना सांग. तेवढं कर. लवकर कर."

मागच्या दारात गोदूबाई शहाळं हातात धरून उभ्या होत्या. केव्हापासून, ते शिवदासला कळलं नाही. त्यांनी शहाळं सोललं, त्याच्या हातात दिलं आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, रडण्याचाही नाही.

त्याला एस.टी.वर सोडायला त्या आल्या. गाडी दिसल्यावर म्हणाल्या, "मला न्हाणीत पाटावर बसवून तात्याकाका माझे केस धुवायचे. आईचे हात दुखायचे म्हणून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमचा तो पेपरातला कागद फाडून टाका. सोनाबाई नाही आली तर राहू दे. मी घालते आंघोळ."

शिवदासने कागद फाडला, पण खारेपाटात तो लगेच गेला नाही. बासनात जनीच्या भावाचा पत्ता होता, बापूसाहेबांकडे वकीलपत्र घेऊन तोच आला होता. पत्ता मिळाल्यावरही शिवदास रोज काही ना काही कारण काढत राहिला. कचेरीत काम आहे, वकीलसाहेब परगावी आहेत, वाट चिखलाची असेल. खरं कारण त्याला ठाऊक होतं. पाच पुस्तकांत त्याने सात खून लिहिले होते. प्रत्येक खुनाला एक बायको होती, एक पोर होतं, आणि शेवटच्या प्रकरणानंतर त्यांचं काय होतं हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं. आता तसं एक पोर पोयनाडच्या पलीकडे कुठेतरी राहत होतं, आणि त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं होतं.

तीन आठवड्यांनी चौलहून पोस्टकार्ड आलं. आई गेली, गोदूबाईंनी लिहिलं होतं. चार माणसं मिळाली, दोन बाहेरगावची. तुम्ही जाऊन आलात का, असं तिने शेवटच्या दिवशी विचारलं. मी हो सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी शिवदासने रजा टाकली.

पोयनाडला उतरून तो बांधाबांधाने निघाला. दोन्ही बाजूंना कापून गेलेली भातशेती, पलीकडे खाडी. चंदरचं घर गावाच्या टोकाला, बांधाला लागून होतं. चंदर म्हणजे अंबाजीचा मुलगा. बापाला काळं पाणी झालं तेव्हा आईच्या पोटात होता, आता सत्तेचाळीसचा. फाटलेलं जाळं विणत तो अंगणात बसला होता. वकिलाचा माणूस आलाय म्हटल्यावर आधी घाबरला. मग त्याने बसायला पोतं टाकलं आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं.

शिवदासने सगळं सांगितलं. तात्याचं नाव घेतलं नाही. ज्याने केलं तो मेला, एवढंच म्हणाला. साक्ष खोटी होती आणि ती देणाऱ्या बाईंनीच मरताना तसं सांगितलं, हे दोनदा सांगितलं, कारण चंदरचा हात चालूच होता आणि त्याने ऐकलं की नाही ते समजत नव्हतं.

"आयस सांगायची," शेवटी चंदर म्हणाला. "बापूस असा न्हवता म्हणून. मना वाटायचं, बायको हाय, ती तसंच सांगणार." त्याने गाठ मारली. "मी कधी तिला व्हय म्हटलं न्हाय."

"त्या आहेत?"

"न्हाय. गेली, बारा वर्सं झाली."

शिवदासने पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. आपण हे लिहिलं आहे, यात गडी निर्दोष सुटतो, ते वाचून दाखवतो, असं म्हणाला. त्याला दुसरं काही देण्यासारखं सुचत नव्हतं. चंदरने जाळं बाजूला ठेवलं. बायको दाराशी येऊन बसली. शिवदासने शेवटचं प्रकरण वाचलं. फौजदार बेड्या काढायला सांगतो आणि सखाराम कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी जातो, तिथवर वाचून त्याने पुस्तक मिटलं.

"सखाराम कोन?" चंदरने विचारलं.

"तेच तुमचे वडील. पुस्तकात नाव बदलावं लागतं."

"मंग माजा बापूस कसा सुटला? सुटला तो सखाराम."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. समजत नाही म्हणून माणूस विचारतो, तसं त्याने विचारलं होतं. शिवदासने खिशातलं पेन काढलं, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि सखाराम हे नाव जिथे पहिल्यांदा आलं होतं तिथे त्याच्यावर रेघ मारली. वर लहान अक्षरांत 'अंबाजी' लिहिलं. ते काय लिहिलं, ते चंदरला वाचून दाखवलं. चंदर सरकून त्याच्या शेजारी बसला.

दोनशे पानांचं पुस्तक होतं आणि गड्याचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर होतं. शिवदास एकेक ओळ पाहत गेला. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं. बायकोने भाकरी आणि वाटीभर सुकटीचं कालवण आणून ठेवलं, ते दोघांनी तिथेच खाल्लं, हात धुऊन शिवदासने पुन्हा पेन घेतलं. शाई फिकी पडू लागली तेव्हा तो दाबून लिहू लागला. एकशे ऐंशीच्या पुढे कधीतरी त्याने पान उलटायला हात घातला, तेव्हा चंदरने ते पान धरून ठेवलं.

त्याला वाचता येत नव्हतं. बोट खालून तिसऱ्या ओळीवर टेकवून तो म्हणाला, "हितं र्‍हायला."

शिवदासने वाकून पाहिलं. राहिला होता.