हिरवीच्या आधीची ठिगळी

मी एक जुनी ट्राम आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको.

रस्त्यावर धावणारी खरी ट्राम मी नव्हे. मी खेळण्यातल्या विटांची ट्राम. नखाएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या विटा तुम्ही पाहिल्या असतील. डोक्यावर गोल बटणे, खाली पोकळी. एकीवर दुसरी दाबली की टक् असा आवाज होतो आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून बसतात. हातभरही लांबी नव्हती माझी, पण माझी दारे उघडत, छत उचलले की आतली बाके दिसत आणि पोटात एक छोटी मोटर गुणगुणत असे.

मला ज्यांनी घडवले त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या तयार करत. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून चकचकीत करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन घट्ट बसलेल्या विटा स्वतःच्या दातांनी सोडवायच्या, असा त्यांचा क्रम होता. त्यांची बायको खरी ट्राम चालवत असे. तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. बाई लवकरच निवृत्त होणार होत्या. त्यांच्या निरोपाच्या दिवशी डेपोतल्या टेबलावर त्यांच्याच हिरव्या ट्रामची हुबेहूब छोटी प्रतिकृती ठेवायची, असे कवळीवाल्यांनी मनाशी पक्के केले होते.

पण तशा गडद हिरव्या विटा सहजासहजी मिळत नाहीत. त्या लांबून, थोड्या थोड्या करून मागवाव्या लागतात. म्हणून विटांच्या गाड्या बांधणारे लोक एक युक्ती करतात. आधी घरात पडलेल्या मिळेल त्या रंगाच्या विटांची गाडी बांधायची. तिच्यावर काय चुकायचे ते चुकून घ्यायचे. सगळे जमले की मग खऱ्या रंगाची गाडी बांधायची आणि पहिली मोडून विटा परत डब्यात टाकायच्या.

ती पहिली गाडी म्हणजे मी. माझी एक बाजू पिवळी, दुसरी अर्धी तांबडी आणि अर्धी राखाडी. दारे निळी, छप्पर पांढरे, त्यातही मधोमध एक गुलाबी वीट. बाई कामावरून आल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि मला पाहून हसत सुटल्या.

"अहो, ही ट्राम आहे की ठिगळं जोडलीत?"

"रंग बघू नकोस गं. आकार बघ."

"आकार ठीक आहे. पण ही ठिगळी रस्त्यावर काढलीत तर थांब्यावरची माणसं पायीच घरी जातील."

तेव्हापासून माझे नाव ठिगळी पडले. नावाचे मला वाईट वाटले नाही, कारण ते दिवस माझे होते. कवळीवाले तासन्‌तास माझ्याकडे बघत बसायचे. टेबलावर मांडलेल्या छोट्या रुळांच्या वळणावर माझा कोपरा खेळण्यातल्या फलाटाला घासला तेव्हा त्यांनी तो चार वेळा सोडवून पुन्हा बांधला. पुढची तिरकी काच तर काही केल्या बसेना. शेवटी त्यांनी आत विटा कुशीवर आडव्या लावल्या आणि काच त्यांना अडकवली. त्या दिवशी ते खुर्चीतून उठून एकटेच खोलीभर फिरले. आतून बाई हाक मारायच्या, "जेवायला येताय ना?" हे म्हणायचे, "आलोच!" आणि माझे चाक फिरवून बघायचे. ताट वाट बघून गार व्हायचे. मला त्याचे काय? मी खूश होते.

मग हिरव्या विटांचे पुडके आले आणि माझे ग्रह फिरले.

मित्रांनो, आपल्या डोळ्यांदेखत दुसरी कोणी घडताना बघणे फार वाईट. आणि तीही आपल्याकडूनच शिकून! माझा कोपरा चार वेळा मोडला, तिचा एका दमात उभा राहिला. माझ्या काचेने त्यांना रडकुंडीला आणले होते, तिची टक्‌कन बसली. चुका सगळ्या माझ्या अंगावर आणि शहाणपण तिच्या. एका रविवारी तर कवळीवाल्यांनी माझे पोट उघडले, मोटर बाहेर काढली आणि तिच्या पोटात बसवली. मोटर एकच होती. मला सांगायची, विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

हिरवी दिसायला सुंदर होती, हे मी नाकारत नाही. नाकारून उपयोगही नव्हता, कारण येणारा जाणारा तेच म्हणत होता. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि अर्धा तास हिरवीपुढे उभ्या राहिल्या. "अगदी खरीच! आत्ता टण टण करेल असं वाटतं," असे म्हणाल्या. मग फळीवर माझ्याकडे लक्ष गेले तेव्हा विचारले, "आणि हे कुठल्या लहान मुलाने केलंय?" तिची धूळ रोज मऊ कुंचल्याने झटकली जायची. माझ्या वाट्याला कधीतरी एक फुंकर, तीही चुकून. माझा जळफळाट व्हायचा. ती रुळावर गुणगुणत फिरू लागली की मी मनातल्या मनात म्हणायचे, घसर, एकदा तरी घसर.

त्यातच माझे दिवस भरल्याचे मला कळून चुकले. कवळीवाले म्हणाले, "हिरवी झाली. आता ठिगळी मोडून टाकतो. डबे रिकामे पडलेत."

"राहू दे हो दोन दिवस. एवढी काय घाई?" बाई म्हणाल्या. त्यांनी असे का म्हटले ते मला कळले नाही. माझ्याकडे त्यांनी धड बघितलेही नव्हते.

निरोपाच्या आदल्या दिवशी दुपारी बाई घरीच होत्या. त्यांना हिरवीला खिडकीच्या उजेडात बघायचे होते. कवळीवाले आत खोके शोधत होते. बाईंनी दोन बोटांनी हिरवीला अलगद छताला धरून उचलले.

विटांची गाडी नेहमी तळाला हात घालून उचलायची असते, मित्रांनो. आणि आमची छते तर मुद्दामच सैल ठेवलेली असतात, आतली बाके दाखवता यावीत म्हणून. छत बाईंच्या बोटांत राहिले. बाकीची हिरवी फरशीवर आदळली आणि कपाटाखाली, दाराआड, चपलांमध्ये जिकडे तिकडे पसरली.

मी जे रोज मागत होते ते झाले होते. खरे सांगते, पहिल्या क्षणी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

कवळीवाले धावत आले आणि दारातच थबकले. बाई छत हातात धरून उभ्या होत्या. "इतकी वर्षं भरलेली ट्राम चालवली," त्या म्हणाल्या, "कोणाला साधं खरचटू दिलं नाही. आणि तुमची ही एवढीशी मला धरता आली नाही."

"असू दे गं. विटाच आहेत. पुन्हा बांधू."

"नकाशा काढून ठेवलाय ना?"

"डोक्यात होता."

"मग काढा डोक्यातून. उद्या सकाळी न्यायचीय."

दोघेही गुडघ्यांवर बसून विटा वेचू लागले. तळ जमला, बाके जमली. मग पुढची काच आली आणि कवळीवाल्यांचे हात थांबले. काच बसवायचे, ती गळून पडायची. पुन्हा बसवायचे, पुन्हा पडायची. कपाळाला घाम आला. "आत काहीतरी केलं होतं मी," ते पुटपुटले, "काय केलं होतं तेच आठवत नाही."

बाईंनी मान वर केली. "ठिगळीला विचारा की."

कवळीवाल्यांनी माझ्याकडे बघितले. किती दिवसांनी! अगदी पहिल्यासारखे, डोळे बारीक करून, श्वास रोखून. त्यांनी मला तळाशी दोन्ही हात घालून खाली घेतले. मला वाटले, आता हिरवी गेली खड्ड्यात, दिवस पुन्हा माझे.

"आत बघायचं तर उघडावी लागेल," ते म्हणाले.

"उघडू या. मी सोडवते, तुम्ही बसवा."

आणि त्यांनी मला उघडले. आधी छत, मग काच, मग काचेमागच्या कुशीवर झोपलेल्या विटा. "अरे, असं होतं होय!" कवळीवाले ओरडले. बाई माझी एक वीट सोडवायच्या, कुठे होती ते दाखवायच्या, आणि ते तशीच हिरवी वीट तिथे बसवायचे. बाईंचे नख तुटले तेव्हा ते म्हणाले, "दात लावू नकोस हं. तुझी कवळी मला करावी लागेल." बाई इतक्या हसल्या की हातातल्या विटा सांडल्या. मी जेवढी खाली येत होते तेवढी हिरवी वर चढत होती. माझी चाके निघाली तेव्हा ती पुरी झाली होती, आणि मी वर्तमानपत्रावरचा ढीग होते. संध्याकाळी कवळीवाल्यांनी सवयीने माझे रंग वेगळे केले आणि मला डब्यांत भरले.

दुसऱ्या दिवशी हिरवी डेपोत मिरवून आली. मी डब्यांत होते, त्यामुळे पुढचे फक्त ऐकले.

"साहेबांनी हिरवीबरोबर फोटो काढून घेतला," बाई सांगत होत्या. "माझ्याबरोबर काढायचा राहूनच गेला."

"म्हणजे तुला तिचा हेवा वाटला!" कवळीवाले हसले.

"हिचा नाही वाटत. ठिगळीचा वाटायचा."

डब्यांत माझी एकही वीट हलली नाही.

"ठिगळीचा?"

"हो. दिवसभर लोकांना त्यांच्या घरी पोचवून मी माझ्या घरी यायचे, आणि तुम्ही मान वर करायचा नाहीत. तिच्याकडे जसं बघायचात तसं माझ्याकडे कधी बघितलंत सांगा. तरी तिला मोडू द्यायला मन होईना, तुमचा जीव होता तिच्यात. काल तिला सोडवताना पहिल्यांदा तुमच्या टेबलाशी बसले मी."

मग कवळीवाले म्हणाले, "आणि मला तुझ्या खऱ्या ट्रामचा वाटायचा. ती तुला पहाटेपासून न्यायची. म्हणून तर मी खेळण्यातल्या बांधत बसलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मित्रांनो, जन्मभर मी दुसरीवर जळत राहिले, आणि दुसऱ्याने जळावे असे काही माझ्याकडेही होते हे मला विटा सुट्या झाल्यावर कळले. तुमच्याकडे एखादी वेडीवाकडी, पहिलीवहिली वस्तू असेल तर ती नीट जपा. तिच्यावरच तुमचा हात शिकलेला असतो. आणि कोणाचा हेवा वाटलाच तर तो मनात मुरवत बसू नका, समोरच्याला सांगून टाका. एखाद्या वेळी तोही तेच सांगायला तोंड उघडेल.

आज सकाळी बाईंना कामावर जायचे नव्हते. त्यांनी टेबलाजवळची खुर्ची ओढली, माझे सगळे डबे पुढ्यात घेतले आणि बांधायला सुरुवात केली. कवळीवाले स्वयंपाकघरातून एक स्टूल आणून शेजारी बसले आहेत. मध्येच काही सुधारायला हात पुढे करतात, तेव्हा बाई त्यांच्या हातावर चापटी मारतात. काय बांधतायत ते अजून कळत नाही. पिवळ्याशेजारी निळे लावले आहे आणि एक बाजू तिरकी झाली आहे. पण कवळीवाले तिच्याकडे बघत नाहीत, ते बाईंकडे बघत आहेत, आणि बाईंना ते ठाऊक आहे.

ती जी कोणी होणार आहे ती माझ्याच विटांची आहे, मित्रांनो. तरी मला आत्तापासूनच तिचा हेवा वाटायला लागला आहे.