पोत्याच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. दारांना कोणी काही विचारत नाही, पण दारांच्या कानावर सगळे पडते. त्यात माझा स्वभाव पहिल्यापासूनच जरा चौकस.

एका सुताराने आपल्या अंगणात चार जाड फळ्या जोडून मला घडवले आणि एका दवाखान्याला बसवले. तिथे मी तीस वर्षे होते. रडत आत गेलेली पोरे औषधाची गोड बाटली हुंगत बाहेर पडताना मी पाहिली. डॉक्टर माझ्यावर थाप मारून म्हणत, "माझ्यापेक्षा जास्त पेशंट या दारानं पाहिलेत!" कौतुकाने मी फुगून जाई. पावसाळ्यात तर खरेच फुगे.

मग दवाखाना नव्या इमारतीत गेला. तिथे काचेचे दार आले आणि माझी रवानगी झाली भंगारवाल्याच्या आवारात. दोन वर्षे मी भिंतीला टेकून होते. एक शेळी अंग घासायला येई, तेवढाच काय तो सहवास.

एके सकाळी एक बाई आली. ती बांबूच्या टोपल्या विणणारी होती. कामट्यांनी तिची बोटे चिरलेली होती. तिने मला ठोकून पाहिले, बिजागऱ्या हलवून पाहिल्या.

"घर बांधलंत वाटतं?" भंगारवाल्याने विचारले.

"घर आहे हो. दारच नव्हतं."

हातगाडीवर आडवे पडून मी निघाले. गाडी ओढत होता तिचा नवरा. विहिरी खणणे हे त्याचे काम, आणि त्या दिवशी कुरकुरणे हेही. त्याच्या कुरकुरीतूनच मला सारा प्रकार कळला. कुठल्याशा संस्थेने गावातल्या गरीब घरांच्या खात्यात थेट पैसे टाकले होते. परतफेड नाही, अट नाही. असे कोणी फुकट देते का, म्हणून आठवडाभर कोणी त्यांना हातच लावला नाही. मग हळूहळू एकेकाची भीड चेपली.

"लोकांनी शेळ्या घेतल्या, पत्रे घेतले," नवरा धापा टाकत म्हणाला. "आणि आपण काय, तर दार! चोरायला आहे काय आपल्याकडे? चोर आलाच, तर बिचारा दया येऊन काहीतरी ठेवून जाईल."

बाई खळखळून हसली, पण गाडी ढकलायची थांबली नाही. मलाही राहवेना. खरेच, मीच का?

घर एका खोलीचे होते. जिथे दार असायचे तिथे एक पोते लोंबत होते. ते काढून मला बसवले, कडी लावली, कुलूप घातले. पहिले उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले.

त्या घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकतच नसे. अशा पोरीला वर्षभर उंबऱ्यावर बसून राहावे लागले होते. बाप विहिरीवर आणि आई बांबू आणायला गेली की कुत्री आत शिरत, धान्य सांडत, शेळ्या विणलेल्या टोपल्या कुरतडत. मग राखणीला कोणीतरी नको का? खारूताईची शाळा त्यापायीच सुटली होती. त्या सकाळी आईने मला ओढून बंद केले, कुलूप लावले आणि म्हणाली, "चल, पळ शाळेत."

पोर जागची हलेना. "मग घराकडे कोण बघणार?"

"हे बघेल की!" आईने माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, अख्खे घर माझ्या भरवशावर सोडून तिघेही निघून गेली. दिवसभर मी छाती काढून उभे होते. दोन कुत्री येऊन गेली. हुंगून, निराश होऊन परत फिरली.

उरलेल्या पैशांतून बाईने बांबूची अख्खी मोळी आणली. आता विणलेल्या टोपल्या माझ्यामागे सुखरूप राहत. आठवडाभर साठवून ती स्वतः बाजारात नेई. पूर्वी शेळ्यांच्या धाकाने मिळेल त्या भावात त्याच दिवशी विकाव्या लागत.

मग बातमी आली, की संस्थेची एक ताई चौकशीला येणार. मदतीचा दुसरा हप्ता अजून यायचा होता. "दार घेतलं म्हटलं तर हप्ता बंद होईल," असे म्हणत नवऱ्याने शेजाऱ्यांची शेळी आणून माझ्या शेजारी बांधली.

ताई आली, वही उघडून बसली. "छान आहे हो शेळी. दूध किती देते?"

नवरा छताकडे बघू लागला. बाईने पदराने कपाळ पुसले. "ती शेजाऱ्यांची आहे, ताई. आम्ही दार घेतलं."

माझ्या बिजागऱ्या आवळल्या गेल्या. मला परत भंगारात पाठवतील का?

"अहो, घाबरता काय?" ताई म्हणाली. "पैसे तुमचे, निवड तुमची. हप्ता येणारच आहे. मला फक्त जाणून घ्यायचंय, दारच का?"

बाईने शाळेचे सांगितले, टोपल्यांचे सांगितले. मग म्हणाली, "आणि पोतं कुणीही उचलतं, ताई. आम्ही जेवत असू, अंग धूत असू. खोदकामाचा मुकादम तर नवं काम निघालं की यांना बोलवायला पहाटेच आत येऊन उभा राहायचा. आम्ही अंथरुणात असायचो. एकदा तरी कुणी बाहेर थांबून विचारावं ना, येऊ का म्हणून."

नवऱ्याने उठून शेळी सोडली.

चार दिवसांनी नवे काम निघाले आणि मला बसवल्यापासून पहिल्यांदाच मुकादम पहाटे आला. सवयीने त्याचा हात पोते सारायला पुढे झाला आणि माझ्यावर आपटला. तो चपापला. मग त्याने बोटाच्या पेराने मला वाजवले.

आत सगळे दचकले. त्या घरात असा आवाज कधी झालाच नव्हता. खारूताईने आईकडे पाहिले. आईने केस सारखे केले, पदर नीट घेतला.

"कोण?"

"मी, मुकादम. येऊ का?"

"थांबा जरा," बाई म्हणाली.

आणि तो थांबला.

मित्रांनो, जुन्या दारांच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेलाचे बोट लावा, आम्ही पुष्कळ वर्षे चालतो. आणि घर एका खोलीचे असो की दहा खोल्यांचे, दारी पोते का लोंबत असेना, आतून "या" ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकू नका.